तपासलं एक, वापरलं दुसरंच: सांगलीत राहून वेब सुरक्षा शिकताना

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातून किंवा आपल्याकडच्या एखाद्या बीसीएस, बीसीएच्या वर्गातून बाहेर पडून वेब सुरक्षेत यायचं असेल, तर सुरुवात वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला या वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरपासून करा, असं मी प्रत्येकाला सांगतो. मी सांगलीत बसून हळदीचे व्यापारी, पतसंस्था, शाळा यांच्या साइट सांभाळत आलो आणि त्यातूनच प्लगइनचा, म्हणजे साइटला जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरचा, कोड तपासण्याच्या कामाकडे वळलो. या सॉफ्टवेअरचा सगळा कोड खुला असतो. शिवाय जुन्या चुका आणि त्यांची दुरुस्ती ओळीन्‌ओळ वाचायला मिळते. याहून चांगलं पाठ्यपुस्तक मला तरी सापडलेलं नाही.

इनपुट व्हॅलिडेशन म्हणजे बाहेरून आलेली माहिती वापरण्याआधी तपासणं. नवी मुलं ही व्याख्या पाठ करतात आणि कोडमध्ये ‘तपासणी कुठे नाही’ ते शोधत बसतात. गाजलेल्या चुकांमध्ये तपासणी बहुतेक वेळा होतीच. साखर कारखान्याच्या काट्यावर एका ट्रॉलीचं वजन करायचं आणि गव्हाणीत दुसरीच रिकामी करायची, असा तो प्रकार असतो.

वर्डप्रेस ४.७.० आणि ४.७.१ मधली चूक घ्या. लेख बदलण्यासाठीच्या रेस्ट एपीआयच्या (बाहेरच्या प्रोग्रॅमने साइटशी बोलायच्या वाटेच्या) पत्त्यात लेखाचा क्रमांक आकडाच असावा, अशी अट होती. पण तोच क्रमांक प्रश्नचिन्हापुढे वेगळा पाठवला, तर तो पत्त्यातल्या क्रमांकाला मागे टाकायचा आणि त्याला ती अट लागू नव्हती. समजा कुणी ४५ च्या शेपटीला एक अक्षर चिकटवून पाठवलं. परवानगी तपासणाऱ्या फंक्शनला, म्हणजे कोडच्या त्या तुकड्याला, असा लेख सापडायचा नाही. लेखच नाही म्हटल्यावर ते अडवायचं कुणाला? पुढच्या फंक्शनने मात्र पाठवलेल्या त्याच किमतीचं (व्हॅल्यूचं) पूर्णांकात रूपांतर केलं. पीएचपी, म्हणजे वर्डप्रेस जिच्यात लिहिलंय ती भाषा, शेपटीचं अक्षर टाकून देते, ४५ उरतात, आणि लॉगिन न करताच ४५ क्रमांकाचा लेख बदलला जातो. २६ जानेवारी २०१७ ला ४.७.२ आवृत्ती आली, चुकीचा तपशील १ फेब्रुवारीला जाहीर झाला, आणि ज्यांनी अपडेट केलं नव्हतं अशा साइटची लाखो पानं त्यानंतर विद्रूप झाली.

हे नुसतं वाचून सोडू नका. स्वतःच्या लॅपटॉपवर ४.७.१ बसवा, नेट बंद ठेवा म्हणजे ती आपोआप अपडेट होणार नाही, आणि हे करून बघा. मग ४.७.२ शेजारी उघडून दोन्हींतला फरक वाचा. माझ्या मते एका कोर्सच्या प्रमाणपत्रापेक्षा अशी एक संध्याकाळ जास्त शिकवते.

ड्रुपलची २०१४ ची चूक याहून बारीक आहे. ड्रुपल ७ मध्ये एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत (क्वेरीत) बाहेरच्या मजकुराची घुसखोरी, टाळण्यासाठीच एक वेगळा थर लिहिलेला होता. फॉर्ममधून यादी आली की तिच्यातल्या किमती तो नीट वेगळ्या ठेवायचा, पण यादीच्या कळा, म्हणजे किमतींच्या आधीची नावं, सरळ क्वेरीत जोडायचा. त्या कळाही बाहेरूनच येतात, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. दुरुस्ती काय, तर मूळ कळा टाकून देऊन यादीला नव्याने क्रमांक देणं. अवघा एका फंक्शनचा बदल. १५ ऑक्टोबर २०१४ ला ७.३२ आवृत्ती आली. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा चमूनेच सांगितलं, की घोषणेनंतर ७ तासांच्या आत अपडेट न झालेली साइट हातातून गेली असंच धरून चाला.

आपल्या लिपीमुळे एक वेगळी शिकवणी फुकटात मिळते. पीएचपीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुराचा साचा तपासण्याच्या सूत्रात, ‘आकडा’ ही खूण युनिकोड मोडमध्ये (सगळ्या लिपी धरून) वापरली, की देवनागरी आकडेही पास होतात. पण देवनागरीतल्या १२३ चं पूर्णांकात रूपांतर केलं, की पीएचपी ० देते. तपासणी म्हणते आकडा आहे, वापर म्हणतो शून्य. दुसरं असं, की यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. मात्रा आणि हलंतसुद्धा वेगळे मोजायचे. डेटाबेसच्या ६४ केबीच्या रकान्यात त्यामुळे जेमतेम २१ हजार चिन्हं मावतात. २०१५ मध्ये वर्डप्रेसला नेमकी हीच मर्यादा नडली. लांबलचक प्रतिक्रिया पूर्ण स्वरूपात तपासली गेली, निर्धोक ठरली आणि साठवताना डेटाबेसने तिचं शेपूट कापलं. उरलेला अर्धवट टॅग (पान रचणाऱ्या एचटीएमएल कोडातली खूण) पानावर जाऊन स्क्रिप्ट, म्हणजे हल्लेखोराचा कोड, चालवायचा. ४.२.१ मध्ये ते बंद झालं.

उलट बाजूही बघितली पाहिजे. नावात फक्त इंग्रजी अक्षरं चालतील, असा नियम ठेवलेले फॉर्म आपल्याकडे अजून दिसतात. मराठीत नाव लिहिणाऱ्याचा फॉर्म परत येतो, संस्थेचा फोन येतो आणि घाईत कुणीतरी तपासणीच काढून टाकतं. नियम चुकीचा कडक असला की शेवटी काहीच राहत नाही, म्हणून मला अतिकडक नियमही तितकाच धोकादायक वाटतो. मजकूर घेताना त्याचा प्रकार आणि लांबी बघा. त्यातली चिन्हं एचटीएमएल म्हणून चालू नयेत यासाठीची राखण तो पानावर दाखवताना करा, आणि तीही जागा बघून. परिच्छेदातला मजकूर, टॅगचा गुणधर्म आणि लिंक यांसाठी वर्डप्रेसमध्ये वेगवेगळी फंक्शनं आहेत. क्वेरीसाठी ‘प्रिपेअर’ वापरायचं, पण त्यातही प्लेसहोल्डर (किमतीसाठीची राखीव जागा) न ठेवता किंमत थेट वाक्यात चिकटवलेली मी कितीदा पाहिली आहे. प्लगइन वाचायला घेताना मी अशा ओळी सगळ्यात आधी शोधतो.

कायद्याबद्दल मला अगदी स्पष्ट बोलायचं आहे. ओळखीच्या पतसंस्थेची साइट ‘सहज बघितली’ हे कारण चालत नाही. मालकाच्या परवानगीशिवाय केलेला प्रवेश माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये बसतो, आणि तो अप्रामाणिक हेतूने केला तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सरावासाठी डीव्हीडब्ल्यूए हे मुद्दाम चुका ठेवलेलं सॉफ्टवेअर आहे, पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी फुकट आहे. शिकण्यासाठी दुसऱ्याच्या दाराला हात लावायची गरजच पडत नाही.

नोकरीसाठी पुण्याला जावं लागेल का? बऱ्याच जणांना लागतं. पण कोड वाचण्याचं काम सांगलीच्या विश्रामबागेतल्या खोलीतूनही होतं. चुका आपोआप शोधणारा स्कॅनर चालवून त्याची यादी पुढे करणारे पुष्कळ उमेदवार असतात. मुलाखतीत ‘ही ओळ का चुकली’ असं विचारलं की ते थांबतात. तुम्ही एखादं छोटं, कमी वापरलेलं प्लगइन घ्या. बाहेरून येणारी प्रत्येक किंमत कुठे तपासली जाते आणि कुठे वापरली जाते, ते वहीत समोरासमोर लिहा आणि मधे ती किती वेळा बदलते ते बघा. चूक सापडली तर आवृत्ती, पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या आणि परिणाम लिहून प्लगइनच्या लेखकाला खासगीत कळवा. उत्तर आलं नाही तर वर्डप्रेसचा प्लगइन चमू, वर्डफेन्स आणि पॅचस्टॅक या वर्डप्रेस सुरक्षेच्या कंपन्या, किंवा आपल्या सरकारची सायबर सुरक्षा संस्था सर्ट-इन यांच्याकडे जाता येतं. दुरुस्ती बाहेर पडेपर्यंत मित्रांच्या ग्रुपवरही काही टाकू नका. नंतर सीव्हीई क्रमांक (जाहीर झालेल्या सुरक्षा-चुकीचा नोंदणी क्रमांक) मिळाला, तर तो बायोडेटात पहिल्या पानावर लिहा, आणि त्याखाली दुरुस्तीत नेमकी कोणती ओळ बदलली तेही.