'इन्सिडेंटली' लिहिताना या चुका टाळा

ऑफिसातून बाहेर जाणारी इंग्रजी पत्रं माझ्या नजरेखालून जातात. त्यात 'इन्सिडेंटली' दिसलं की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो.

'चुकून' या अर्थी वापरणं. सगळ्यात महागात पडणारी चूक. आमच्याकडच्या एका नव्या मुलाने ग्राहकाला ईमेल पाठवली: 'इन्सिडेंटली, टू ऑफ युवर बॉक्सेस वेअर डॅमेज्ड.' त्याला म्हणायचं होतं, खोकी चुकून फुटली, मुद्दाम कोणी केलं नाही. ग्राहकाने वाचलं, 'अरे हो, जाता जाता सांगतो, तुमची दोन खोकी फुटली.' माल त्याचा, नुकसान त्याचं, आणि वर आमचा हा थाट! तासाभरात साहेबांना फोन. माफीचं पत्र अर्थातच माझ्या गळ्यात. पोरगा म्हणतो, 'सर, मी डिक्शनरीत बघितलं होतं.' बघितलं असेल, पण वरवर. खालची उदाहरणं वाचायला हल्ली वेळ कोणाला असतो?

गोंधळाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. 'कादेरे' म्हणजे पडणे. 'ॲक्सिडेंट', 'इन्सिडेंट', 'कोइन्सिडन्स' ही तिन्ही एकाच घरची भावंडं, पण आता चुली वेगळ्या. चुकून झालं तर ॲक्सिडेंटली, योगायोगाने झालं तर कोइन्सिडेंटली, आणि चालू विषयाला धरून एखादी बाजूची गोष्ट सांगायची असेल तरच इन्सिडेंटली. मी लिहिताना त्या जागी मनात 'बरं का' म्हणून बघतो. जमलं तर ठेवतो, नाहीतर काट मारतो.

स्वल्पविराम खाणं. 'इन्सिडेंटली, द रिपोर्ट मेन्शन्स द लीकेज' इथे ओघात सांगणारे आपण. 'द रिपोर्ट इन्सिडेंटली मेन्शन्स द लीकेज' म्हणजे अहवालानेच गळतीचा उल्लेख ओझरता केलाय. दुसऱ्या वाक्यावर अहवाल लिहिणारा भांडायला येऊ शकतो, आणि त्याचं चुकणार नाही.

स्पेलिंग. बोलताना मधला 'ए-एल' गिळला जातो, म्हणून लिहितानाही गिळतात. आधी 'इन्सिडेंटल' पूर्ण लिहा, मग 'एल-वाय' जोडा. शेवटी दोन 'एल' येतात. 'ॲक्सिडेंटली'चंही तसंच.

मुख्य बातमी यात गुंडाळणं. दरवाढ, राजीनामा, थकबाकी या गोष्टी 'इन्सिडेंटली' म्हणून सांगायच्या नसतात. वाचणाऱ्याला वाटतं आपण लपवतोय, आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं.

दर परिच्छेदात एकदा. नको. एका पत्रात एकच पुरे.

औपचारिक पत्रात 'इन्सिडेंटली'ऐवजी 'बीटीडब्ल्यू', म्हणजे 'बाय द वे'चं लघुरूप. यावर मी बोलतसुद्धा नाही, पत्र परत पाठवतो.

'स्पेलचेकने काही दाखवलं नाही' हे कारणही सांगू नका. खोक्यांच्या त्या ईमेलमध्ये स्पेलिंगची एकही चूक नव्हती.