चिरालीच्या किनाऱ्यावर जाताय? या चुका टाळा

तुर्कस्तानात अंतल्यापासून साधारण ८० किलोमीटरवर चिराली हे छोटं गाव आहे. सव्वातीन किलोमीटरचा शांत किनारा, त्याच्या दक्षिण टोकाला ऑलिम्पोस या लिशिया नावाच्या प्राचीन प्रदेशातल्या नगराचे अवशेष, आणि उन्हाळ्यात त्याच वाळूत लॉगरहेड जातीच्या समुद्री कासवांची घरटी. पण घोळ सुरू होतो तो घरबसल्या, बुकिंग करतानाच.

ऑलिम्पोस नावाने शोधलं की दरीतल्या ट्री-हाउसचे फोटो समोर येतात आणि माणूस मोहात पडतो. तिथे राहिलात तर समुद्रावर जायला अवशेषांच्या तिकीट-फाटकातूनच जावं लागतं. चिरालीतून किनारा पायाखालीच. नकाशात दोन्ही ठिकाणं शेजारी दिसतात, पण गाडीने एकीकडून दुसरीकडे जायचं तर पुन्हा वर महामार्ग गाठावा लागतो. बसवालाही तुम्हाला महामार्गावरच्या फाट्यावर उतरवतो. तिथून सातेक किलोमीटरचा उतार मिनीबसने, आणि ती प्रवासी भरल्याशिवाय सहसा हलत नाही. उशिरा पोहोचणार असाल तर पेन्शनच्या, म्हणजे तिथल्या छोट्या घरगुती हॉटेलच्या, मालकाला आधीच कळवून गाडी ठरवा.

कोकणातल्या वेळासचा कासव महोत्सव पाहिलेली मराठी मंडळी इथे हमखास फसतात. वेळासला अंडी हॅचरीत, म्हणजे कुंपण घातलेल्या सुरक्षित जागेत, हलवतात, पिल्लं सकाळ-संध्याकाळ लोकांसमोर समुद्राकडे सोडतात. तो हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. चिरालीत माद्या मे अखेरीपासून अंडी घालायला येतात, पिल्लं जुलै ते सप्टेंबरात निघतात, तीही बहुधा रात्री. इथे घरटं शक्यतो जागेवरच ठेवून त्यावर जाळीचा पिंजरा बसवतात. पिल्लं कधी सोडणार, असं कुणाला विचारू नका. सोडायचा कार्यक्रमच नसतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक साधी असते: छत्री. पिंजरा दिसत नाही म्हणजे खाली काही नाही, असं समजून लोक मागच्या कोरड्या वाळूत दांडा खुपसतात. अंडी असतात जेमतेम हात-दीड हात खोल, एका घरट्यात ऐंशी-शंभरसुद्धा. शिवाय पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं; दिवसभर सावली धरणंही बरं नाही. छत्री, चटई पाण्यालगतच्या ओल्या पट्ट्यात ठेवा. मुलांनी खणलेले खड्डे निघताना बुजवा, तीन इंचांच्या खड्ड्यातूनही पिल्लाला वर येणं अवघड जातं. सकाळी वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसला तर तो तुडवू नका. रात्री कोण आली नि कुठे खणून गेली, हे त्यावरूनच कासवांची राखण करणारे स्वयंसेवक शोधतात.

दुसरी चूक उजेडाची. चिरालीजवळच्या यानार्ताश या डोंगरउतारावर खडकातून निघणाऱ्या वायूच्या ज्वाळा पाहायला लोक अंधार पडल्यावर जातात. चढ आहे, टॉर्च हवाच. पण परतताना त्याच टॉर्चसकट किनाऱ्याने चालत येतात, तिथे गडबड होते. पिल्लं क्षितिजावरच्या उजळ बाजूकडे, म्हणजे समुद्राकडे धावतात. तुमचा झोत त्यांना उलट्या दिशेला नेतो. रस्त्याने परता. शेकोटीचा तर विचारही नको.

तरी दिवसा एखादं भटकलेलं पिल्लू दिसलंच तर? उचलून पाण्यात टाकायचा मोह आवरा, बादलीत तर मुळीच ठेवू नका. माणसं आणि कुत्री लांब ठेवा, वाटेतले खड्डे सपाट करा, कुणाला तरी पाठवून स्वयंसेवकांना बोलवा. मादी वर येताना दिसली तर जागेवर बसून राहा, फोटो विसरा.

अवशेषांकडे लोक भर दुपारी, स्लिपर घालून, अर्ध्या तासात उरकायला जातात. ऑलिम्पोस झाडीत बुडालेलं आहे, वाट ओढ्याकाठून जाते, पाय घसरतो. सकाळी जा, बूट घाला. ओढ्याच्या मुखाजवळ कॅप्टन युडेमोसची दगडी शवपेटी आहे. तिच्यावर कोरलेलं जहाज पाहा, त्याला ना वल्ही ना शीड. बहुतेक जण समुद्राच्या ओढीने त्याच्या पुढ्यातून निघून जातात.

पाण्यात उतरतानाही पायात काही तरी हवं. काठाला गोटे आहेत, उन्हात ते चांगलेच तापतात, आणि चार पावलांवर पाणी खोल होतं. पोहता न येणाऱ्यांनी काठ सोडू नये.