टायट्रेशनला बसण्याआधी: सोडियम हायड्रॉक्साइडची खरी तीव्रता काढताना

टायट्रेशन म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून, किती लागलं त्यावरून तीव्रता काढणं. ४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड लिटरभर द्रावणात, म्हणजे ०.१ मोलार (लिटरमागे ०.१ मोल), हे वहीत ठीक. बाटलीवर मात्र ‘अंदाजे ०.१’ एवढंच लिहा. हे दाणे हवेतली ओल ओढतात, काट्यावर ठेवल्या ठेवल्या आकडा चढू लागतो. वर कार्बन डायऑक्साइड शोषून त्यांचा थोडा कार्बोनेटही झालेला असतो. पाण्यात विरलेला हा वायूही जावा म्हणून पाणी आधी उकळून, झाकून गार करून घ्या. बाटली प्लास्टिकची बरी. काचेचं बूच या अल्कलीने असं घट्ट बसतं की निघता निघत नाही.

भरवसा ठेवायचा तो पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटवर, म्हणजे नेमकं वजन करता येणाऱ्या एका घन आम्लावर. ते ११० अंश सेल्सिअसला दोन तास वाळवा आणि डेसिकेटरमध्येच (ओल शोषणारा पदार्थ ठेवलेल्या बंद भांड्यात) गार होऊ द्या, कारण कोमट भांड्याचं वजन कमी भरतं. तीन फ्लास्कमध्ये अर्ध्या ग्रॅमच्या आसपास घ्या. बरोबर ०.५००० यावं म्हणून कणकण टाकत बसणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय. जे येईल ते चार दशांशांपर्यंत टिपा. विरघळवायला साधारण ५० मिली पाणी घाला. थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं, मोल वजनावरून ठरतात. त्यामुळे फ्लास्क ओला असला तरी बिघडत नाही.

ब्युरेट, म्हणजे अल्कली सोडायची खुणांची नळी, पाण्याने ओली असेल तर मात्र बिघडतं. राहिलेल्या पाण्याने द्रावण पातळ होतं, जास्त लागतं आणि तीव्रता कमी निघते. ती त्याच द्रावणाने दोनदा खळबळून घ्या, फनेल काढा, कॉकखालचा (तोटीखालचा) बुडबुडा घालवा. तो मध्येच निघाला तर रीडिंग फुगतं.

फ्लास्कमध्ये फिनॉल्फ्थॅलिनचे (अल्कलीत गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे) दोन-तीन थेंब आणि खाली पांढरा कागद. अर्धा मिनिट टिकणारा, जेमतेम दिसणारा गुलाबी रंग आला की थांबा. नंतर तो विरला तर तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा प्रताप. आणखी थेंब टाकू नका.

गणिताचं पानही आधीच आखून ठेवा. समजा थॅलेट ०.५१२४ ग्रॅम भरलं, तर त्याला २०४.२२ ने (त्याच्या एका मोलच्या ग्रॅममधल्या वजनाने) भागलं की ०.००२५०९ मोल. इथे प्रमाण एकास एक, त्यामुळे अल्कलीचेही तेवढेच. २४.८५ मिली लागलं असेल तर ०.०२४८५ लिटरने भागून ०.१०१० मोलार. उत्तर ०.१०१ ऐवजी ०.०००१०१ आलं, तर मिलीचे लिटर करायचे राहिलेत. थॅलेटऐवजी ऑक्झॅलिक आम्ल वापरलं तर त्याच्या एका मोलला अल्कलीचे दोन लागतात, ते विसरू नका.

तिन्ही उत्तरं जुळली की ‘अंदाजे’ खोडून खरा आकडा आणि तारीख लिहा.