आचारी, आचार्य आणि माझी पहिली आवृत्ती

माझ्या पहिल्या रहस्यकादंबरीच्या ३०० प्रती टेम्पोतून घरी आल्या तेव्हा मी गठ्ठा सोडून आधी पुस्तकाचा वास घेतला, मग मुखपृष्ठावरून हात फिरवला. पान ८४ उघडलं नाही. तेव्हाच उघडलं असतं तर एकही प्रत घराबाहेर गेली नसती, हे अजून रात्री आठवतं.

स्वतःचं पुस्तक स्वतः काढायला निघालेल्यांसाठी हे लिहिते आहे. कादंबरी कशी लिहायची, संपादन का लागतं, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. दोन प्रकाशकांकडे हस्तलिखित वर्षभर पडून होतं. तिसऱ्यांनी २०० प्रती मीच विकत घ्याव्यात अशी अट घातली. तेवढे पैसे घालायचेच तर पुस्तक आपलंच असू दे, असं ठरवलं.

कागदपत्रांना घाबरू नका. आयएसबीएन, म्हणजे प्रत्येक पुस्तकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेच्या पोर्टलवर लेखकाला स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो. मुखपृष्ठ अंतिम होण्याच्या पुष्कळ आधी अर्ज टाका, म्हणजे बारकोडसाठी खोळंबा होत नाही. यासाठी पैसे मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा. स्वामित्व हक्क तर लिहिल्या क्षणापासून तुमचाच असतो, नोंदणी केली तर तो पुरावा म्हणून कामी येतो. आणि एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने नव्या पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना ३० दिवसांत पाठवायची असते. आता प्रकाशक तुम्ही आहात, तेव्हा चार प्रती बाजूला काढून ठेवा.

छपाईचं गणितही अवघड नाही. ऑफसेट छपाईत पानं एकेक छापत नाहीत, १६ पानांचा एक गठ्ठा धरतात, त्याला फॉर्म म्हणतात. माझं पुस्तक डेमी आकारात १९२ पानांचं, म्हणजे बरोबर १२ फॉर्म. दोन पानं वाढली असती तर नवा फॉर्म लागला असता, आणि शेवटी कोरी पानं राहिली असती. आतल्या पानांना ७० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन) मॅपलिथो कागद, मुखपृष्ठाला ३०० जीएसएमचं जाड, गुळगुळीत आर्ट कार्ड. छपाई आणि बांधणीचे जवळपास २६ हजार झाले.

मी फसले ती जागा वेगळी होती, आणि तिथे मी तुम्हाला जरा जास्त वेळ थांबवणार आहे.

कादंबरी वाईतल्या एका काल्पनिक पाठशाळेत घडते. म्हातारे ग्रंथपाल मरण्याआधी चिठ्ठी लिहून ठेवतात: ‘आचाऱ्यांना विचारा.’ तपास करणारा नायक कंदिलाच्या उजेडात ती घाईने वाचतो, ‘आचार्यांना’ समजतो आणि मुख्य आचार्यांच्या मागे लागतो. खरं काय ते स्वयंपाकघरातल्या आचाऱ्याला माहीत असतं. चिठ्ठी वाचकासमोर जशीच्या तशी छापलेली, त्यामुळे नीट वाचणाऱ्याला नायकाच्या आधी उत्तर सापडावं. रहस्यकथेत लेखकाने वाचकाशी इतकं तरी प्रामाणिक असावं, असं मी मानते. (दुसऱ्या आवृत्तीत हा धागा मी पूर्ण बदलला, म्हणून इथे उघड सांगते आहे.)

मी लिहिलं युनिकोडमध्ये. अक्षरजुळणी करणाऱ्यांकडचं पानं लावण्याचं सॉफ्टवेअर जुनं होतं, त्यात युनिकोड मराठी चालत नाही. त्यांनी मजकूर कन्व्हर्टरमधून जुन्या फॉन्टमध्ये नेला. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. जुन्या फॉन्टमध्ये काना, मात्रा, रफार, अर्धी अक्षरं असे आकार इंग्रजी कळांच्या जागी बसवलेले असतात. कन्व्हर्टर एका तक्त्यावरून दुसऱ्यात उतरवत जातो. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला आडवा अर्धा र त्या तक्त्यात नव्हता. त्याने जिथे जिथे तो दिसला तिथे रफार दिला. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालं, ‘दऱ्या’ ‘दर्या’ झाल्या. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला. आणि पान ८४ वर चिठ्ठी छापली गेली: ‘आचार्यांना विचारा.’

त्याहून वाईट शेवटी. पान १८३ वर नायक सगळ्यांसमोर म्हणतो, “ते ‘आचार्यांना’ नव्हतंच, ‘आचार्यांना’ होतं.” माझ्या तीन वर्षांच्या कामाचा कळस असलेलं वाक्य.

तुम्ही म्हणाल, प्रूफ वाचलं नाहीस का? वाचलं, तीनदा. पण माझ्या वर्ड फाइलमध्ये, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधी. पानं लावून झालेली पीडीएफ आली तेव्हा मी फक्त पानांचे क्रमांक, प्रकरणांची शीर्षकं आणि समास पाहिले. ‘आचाऱ्या’ शब्द शोधायला गेले तर काही सापडलं नाही. जुन्या फॉन्टच्या पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधता येतच नाही, कारण आत इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. शोध लागत नाही हे तेव्हाच धोक्याचं चिन्ह होतं. मला वाटलं, आपल्या संगणकाची अडचण असेल.

कळलं कसं? ई-बुक मी मूळ युनिकोड फाइलवरून केलं होतं, त्यात सगळं बरोबर होतं. दुबईतल्या एका वाचक बाईंनी लिहिलं, चिठ्ठी वाचताच त्यांनी ओळखलं होतं. त्याच आठवड्यात आमच्या वाचनालयातल्या एका आजोबांनी छापील प्रत काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, “बाई, तुम्ही आम्हाला फसवलंत. धागा दिलाच नाही.” घरी येऊन पान ८४ उघडलं, आणि मी जमिनीवरच बसले.

शुद्धिपत्र जोडता आलं असतं. इतर पुस्तकात ते चाललं असतं, रहस्यकथेत चालत नाही. ‘पान ८४, ओळ ११’ असं छापलं की वाचक तिथेच जाऊन उभा राहतो. चिकटपट्टी लावली तरी तेच. विकल्या गेलेल्या ८६ प्रती जमेल तेवढ्या बदलून दिल्या, उरलेल्या थांबवल्या, आणि १०० प्रतींची दुसरी आवृत्ती डिजिटल छपाईवर काढली. अक्षरजुळणीवाल्यांना मी दोष देत नाही. शेवटचं प्रूफ वाचणं माझं काम होतं.

म्हणून कळकळीने सांगते: कन्व्हर्टरनंतरची फाइल कागदावर छापून घ्या, आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. पडद्यावर नको. सगळे ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’, सगळे रफार, ‘द्ध’, ‘क्ष्म’, ‘ट्ट’ लाल पेनाने टिपा. त्याहून उत्तम, जुना फॉन्ट वापरूच नका. इनडिझाइन या पानं लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ हा पर्याय चालू केला की युनिकोड मराठी नीट बसतं. फॉन्टही फुकट मिळतात. मी आता ‘तिरो देवनागरी मराठी’ वापरते, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात. काम देण्याआधी अक्षरजुळणीवाल्यांना एकच ओळ टाइप करून मागा: ‘आचाऱ्याने आचार्यांना दऱ्यांतून दर्याकडे नेलं.’ ती बरोबर आली तरच पुढे बोला.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. लेखनाच्या महागड्या कार्यशाळेत मला यातलं काही कुणी शिकवलं नाही. सदाशिव पेठेत एक निवृत्त मुद्रितशोधक काका भेटले. त्यांनी चहा पिता पिता पहिल्या पाच पानांत ११ चुका दाखवल्या, आणि पैसे घेताना संकोचले. असा माणूस शोधा. आणि लेखकमित्रांना कच्चं पुस्तक देऊ नका, ते भाषेचं कौतुक करतात. वाचनालयात रोज रहस्यकथा बदलून नेणाऱ्या कुणाला तरी द्या, आणि विचारा: खुनी कुठल्या पानावर कळला?

‘३० दिवसांत लेखक व्हा’ असली पॅकेजं घेऊ नका. पुस्तक निघतं, पण त्यातली चूक कुणाची हे सांगायला नंतर कुणी फोन उचलत नाही.

विक्रीचं थोडक्यात. वितरक निम्मी सूट मागतात, त्यामुळे किंमत ठरवताना तेवढी जागा ठेवा. ॲमेझॉनच्या किंडलवर भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवं असेल तर त्यांच्या ‘सिलेक्ट’ योजनेत जावं लागतं, आणि ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे विकता येत नाही. पहिल्या पुस्तकाला मला ते सोयीचं वाटलं. पैसे सुटायला वेळ लागतो. माझे अजून पूर्ण सुटलेले नाहीत, तरी दुसऱ्या कादंबरीला हात घातला आहे. तुम्हीही घालाल.

दुसरी आवृत्ती आजोबांना नेऊन दिली. चार दिवसांनी परत आली तेव्हा पान ६१ च्या समासात पेन्सिलीने बारीक बरोबरची खूण होती. नवा धागा तिथेच आहे.