जॅझ स्टँडर्डच्या कॉर्ड्स भरताना या चुका टाळा

पियानोवर जॅझ स्टँडर्ड, म्हणजे सगळे जॅझवादक वाजवतात अशी जुनी गाणी, वाजवायला बसलो की समोर लीड शीट असते, म्हणजे चाल आणि कॉर्डची नावं एवढंच लिहिलेला कागद. तिच्यावर ‘सी मेजर सेव्हन’ लिहिलेलं असतं. ते चार सूर दाबले की गाणं ओळखू येतं, पण जॅझचा रंग चढत नाही. मग (कॉर्डच्या मूळ सुरापासून मोजून) नववा सूर घालून बघू, तेरावा घालून बघू, असं सुरू होतं आणि थोड्याच वेळात सगळं गढूळ वाजू लागतं. मीही बराच काळ त्या गढूळपणाला कॉर्ड जुळत नाही असं म्हणत होतो. खरी अडचण बहुधा वेगळीच असते: चाल कोणत्या सुरावर उभी आहे हे न बघताच आपण कॉर्ड भरलेली असते.

चालीकडे पाठ फिरवून सूर वाढवणं

‘ऑटम लीव्ह्ज’ हे जॅझ स्टँडर्ड जी मायनरमध्ये घ्या. सुरुवातीला चाल ज्या लांब सुरांवर थांबते ते बघा. सी मायनर सेव्हनवर ई फ्लॅट, बी फ्लॅट मेजर सेव्हनवर डी, ए हाफ डिमिनिश्डवर (पाचवा सूर कोमल असलेली मायनर सेव्हन) सी, जी मायनरवर बी फ्लॅट. चारही ठिकाणी हा त्या कॉर्डचा तिसरा सूर आहे. कॉर्ड मेजर की मायनर हे चालच सांगते, तेव्हा तो सूर खाली पुन्हा ठासण्याची गरज नाही.

मोकळ्या झालेल्या जागेत लगेच नववा भरावासा वाटतो, आणि इथेच हात फसतो. सी मायनरचा नववा म्हणजे डी. तो मधल्या सीच्या शेजारी ठेवला आणि चालीचा ई फ्लॅट वरच्या सप्तकात असला, तर दोघांत तेरा अर्ध्या सुरांचं अंतर पडतं. हे अंतर कानाला टोचतं. त्याऐवजी अकरावा सूर, एफ, घेऊन बघा: डाव्या हातात सी आणि वरचा बी फ्लॅट, उजव्या हातात एफ आणि त्याच्या वर चालीचा ई फ्लॅट. चारच सूर, पण कॉर्ड एकदम खुलते. ए हाफ डिमिनिश्डवर याच न्यायाने डी घ्या आणि जी मायनरवर सी. बी फ्लॅट मेजरवर मात्र नववा निर्धास्त घाला, कारण तिथे सी आणि डीमध्ये पूर्ण सुराचं अंतर आहे.

एखादी कॉर्ड टोचली की आधी हे तेरा अर्ध्या सुरांचं अंतर शोधा. सी मेजर सेव्हनवर एफ खटकतो, कारण तो खालच्या ईपासून तेरा अर्ध्या सुरांवर बसतो. चाल मूळ सुरावर, सीवर, संपते तेव्हा खालचा बी असाच टोचतो; तिथे सातव्याऐवजी सहावा, म्हणजे ए, घ्यावा. डॉमिनंट कॉर्डच्या (स्केलच्या पाचव्या सुरावरची, मूळ कॉर्डकडे ओढणारी सेव्हन कॉर्ड) मूळ सुरावर कोमल नववा, म्हणजे अर्धा सूर उतरवलेला नववा, चालतो, तेवढा अपवाद.

खर्जात गर्दी

मधल्या सीच्या एक सप्तक खालचा सी ही सोयीची हद्द समजा. तिच्याखाली दोन सूर तिसऱ्याच्या अंतरावर ठेवले की घुमतात. तिथे मूळ सूर एकटा ठेवा, फार तर पाचवा किंवा सातवा जोडा. रंगाचे सूर, म्हणजे नववा, अकरावा, तेरावा, वर.

हात उचलून दर वेळी नवीन जागी टाकणं

कॉर्ड पाठ असते, पण पुढच्या कॉर्डकडे जाण्याची वाट पाठ नसते, म्हणून वाजवणं तुटक होतं. डी मायनर नाइन डाव्या हाताने एफ, ए, सी, ई असं धरा, एफ मधल्या सीच्या खालचा. जी थर्टीनसाठी फक्त सी सरकून बीवर येतो. मग सी मेजर नाइनला बी जागेवर राहतो आणि बाकीचे तिघे एकेक पायरी खाली उतरतात: ई, जी, बी, डी. आठवडाभर एवढंच, वेगवेगळ्या स्केलमध्ये, सावकाश करा. माझ्या मते नव्या दहा कॉर्ड्स शिकण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

या तिन्ही कॉर्ड्समध्ये मूळ सूर नाही, हे लक्षात आलं असेल. बिल एव्हान्स आणि विंटन केली या जॅझ पियानोवादकांच्या वादनात 1950 च्या दशकाच्या अखेरीस अशी मांडणी सर्रास ऐकू येते, पण तिथे मूळ सूर सांभाळायला शेजारी बास वाजवणारा असतो. एकटे वाजवत असाल तर निदान कॉर्ड बदलते त्या मात्रेवर तो खाली वाजवा.

डॉमिनंटवर चुकीचा रंग

डी सेव्हन जी मायनरकडे निघाली असेल तर तेरावा म्हणून शुद्ध बी घालू नका; तो जी मेजर येणार असं कानाला सांगून ठेवतो. इथे कोमल नववा ई फ्लॅट आणि कोमल तेरावा बी फ्लॅट शोभतात. डी सेव्हनऐवजी ए फ्लॅट सेव्हन घेणंही सुंदर लागतं, कारण एफ शार्प (म्हणजेच जी फ्लॅट) आणि सी हे दोन सूर दोन्हींत सामाईक आहेत. फक्त त्या क्षणी चालीत जी नाही ना, ते बघा. असेल तर कॉर्डमधल्या जी फ्लॅटशी त्याची टक्कर होते.

एवढं करूनही गढूळ वाटलं तर पेडल तपासा. कॉर्ड बदलताना नवे सूर दाबल्याबरोबर पेडल सोडा आणि लगेच पुन्हा घ्या. मग एकदा चाल आणि मूळ सूर एवढेच वाजवा, नंतर सातवा जोडा, मग रंगाचा एकेक सूर. ज्या सुराला आवाज बिघडला तो काढून टाका.