टॅबवरून सर्व्हर सांभाळायचे तर

गेल्या मे महिन्यात माझ्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. जळगावच्या दुरुस्तीवाल्याने आठ दिवस लागतील असं सांगितलं आणि माझी रात्रपाळी त्याच दिवशी दहाला सुरू होणार होती. मी अमळनेरला घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचे लिनक्स सर्व्हर बघते. हाताशी होता तो मुलाच्या अभ्यासासाठी घेतलेला अकरा इंची टॅब. ते आठ दिवस त्याच्यावरच निघाले. लॅपटॉप दुरुस्त होऊन आला, पण आता तो बहुतेक वेळ कपाटातच असतो. गावाकडून काम करणारी ओळखीची पोरं-पोरी सारखी विचारतात, म्हणून सगळं लिहून काढते.

पहिली गोष्ट परवानगीची. स्वतःच्या टॅबवरून कंपनीच्या सर्व्हरला हात लावायचा तर आधी लेखी होकार घ्या. मी त्याच संध्याकाळी मॅनेजरना मेल केला. त्यांनी टॅबवर वर्क प्रोफाइल टाकायला लावलं, म्हणजे कंपनीची अ‍ॅप्स आणि व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायची खाजगी वाट) एका वेगळ्या कप्प्यात राहतात आणि मुलाचे खेळ दुसऱ्या. नाही म्हणाले तर विषय तिथेच सोडा.

आता मुख्य मुद्दा. टॅबला छोटा लॅपटॉप समजून त्यावर सगळं बसवायला गेलात तर महिनाभरात कंटाळून सोडून द्याल. काम सर्व्हरवरच चालू राहायला हवं आणि टॅब फक्त त्यात डोकावायची खिडकी असावी. फाइल, स्क्रिप्ट, अर्धवट राहिलेली आज्ञा, यातलं काहीही टॅबवर ठेवायचं नाही.

हे मला पहिल्याच रात्री कळलं. एका डेटाबेसचा बॅकअप परत चढवत होते. दीडच्या सुमारास लाईट गेली, राउटर बंद पडला, एसएसएच, म्हणजे सर्व्हरशी असलेलं सुरक्षित कनेक्शन, तुटलं आणि चढवणं अर्ध्यात थांबलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं ते पहाटे पाचपर्यंत. त्या दिवसापासून सर्व्हरवर शिरल्या शिरल्या माझं पहिलं काम म्हणजे टी-मक्स नावाचा प्रोग्रॅम सुरू करणं. टी-मक्समध्ये चालवलेली गोष्ट सर्व्हरवर चालत राहते, तुमचं कनेक्शन असो वा नसो. कंट्रोल आणि बी एकत्र दाबून सोडायचं, मग डी दाबायचं, की तुम्ही बाहेर पडता आणि काम आत चालूच राहतं. परत आल्यावर टी-मक्स अटॅच म्हटलं की जिथे सोडलं तिथेच.

त्याच्या जोडीला मॉश घ्या, तो तुटक नेटवर टिकून राहणारा कनेक्शनचा प्रोग्रॅम आहे. एसएसएचने ओळख पटवून झाली की मॉश पुढचं बोलणं यूडीपी नावाच्या नेटवर्कच्या पद्धतीने करतं, त्यामुळे मधेच तुमचा आयपी पत्ता बदलला तरी त्याला फरक पडत नाही. खान्देशात याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. लाईट जाते, ब्रॉडबँड बंद होतं, तुम्ही फोनचा हॉटस्पॉट लावता. त्या अर्ध्या मिनिटात स्क्रीनच्या वरच्या कडेला एक निळी पट्टी येते आणि सर्व्हरशी शेवटचा संपर्क किती सेकंदांपूर्वी झाला ते मोजत बसते. बारा, तेरा, चौदा. हॉटस्पॉट लागला की पट्टी आपोआप नाहीशी होते आणि कर्सर होता तिथेच लुकलुकत असतो. मी आजही दर वेळी त्या पट्टीकडे श्वास रोखून बघते. फक्त सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये यूडीपीचे ६०००० ते ६१००० यांतले पोर्ट उघडे लागतात. कंपनी तेवढं देत नसेल तर नुसत्या टी-मक्सवरही भागतं, परत लॉगिन करावं लागतं इतकंच.

अँड्रॉइडवर हे सगळं टर्मक्स नावाच्या अ‍ॅपमध्ये चालतं. ते एफ-ड्रॉइड या अ‍ॅपच्या दुकानातून घ्या आणि त्याची जोड-अ‍ॅप्सही तिथूनच घ्या, एक इथून एक तिथून घेतलं तर जुळत नाही. बसवल्यावर सेटिंगमध्ये जाऊन टर्मक्सला बॅटरी बचतीतून वगळा, नाहीतर तुम्ही चहाला उठलात की टॅब ते गुपचूप बंद करून टाकतो. एसएसएचने लॉगिन करायची चावी (एक छोटी गुप्त फाइल) टॅबवरच नवी बनवा, ईडी२५५१९ प्रकारची, आणि तिला पासफ्रेज, म्हणजे लांब पासवर्ड, लावा. जुन्या लॅपटॉपची चावी उचलून आणू नका. प्रत्येक यंत्राची चावी वेगळी असली की टॅब एसटीत विसरला तरी सर्व्हरवरची त्या चावीची एक ओळ पुसली की झालं.

कीबोर्डवर पैसे वाचवू नका. बऱ्याच टॅब-कीबोर्डांना एस्केपचं बटणच नसतं आणि व्हीआय या एडिटरमध्ये अडकल्यावर घाम फुटतो. कंट्रोल आणि उघडता चौकोनी कंस एकत्र दाबलं तर तेच एस्केप होतं, हे बोटांत बसवून घ्या. कीबोर्ड विसरलात तर टर्मक्समध्ये आवाज कमी करायचं बटण कंट्रोलचं काम करतं. आयपॅडवाल्यांनी स्मार्ट पंक्चुएशन आधी बंद करावं, नाहीतर सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात आणि बरोबर लिहिलेली आज्ञा चालत नाही.

विंडोजचं काम असेल तर ऑफिसमधल्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपने जायचं, तेही व्हीपीएनमधूनच. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा ठेवणं म्हणजे रात्री घराला कडी न लावणं. मॅक्रो असलेली एक्सेल शीटही त्या मशीनवरच उघडा, टॅबच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाहीत. मोठा मॉनिटर जोडायचा विचार असेल तर टॅब घेण्याआधीच विचारा की टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर येतं का. स्वस्त टॅबांत तो पोर्ट बहुधा चार्जिंग आणि फाइलींपुरताच असतो.

विजेचा हिशेब मात्र टॅबच्या बाजूने आहे. ८००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण ३१ वॉट-अवर. २०,००० एमएएचची पॉवर बँक लेबलवर ७४ वॉट-अवरची असते, वाटेतली गळती धरूनही टॅब दीडेक वेळा भरतो. लॅपटॉपला ६५ वॉटचा चार्जर लागायचा, तो साध्या पॉवर बँकेला झेपत नाही. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो घ्याच. राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलं असेल तर यूपीएसही १२ व्होल्टचाच हवा. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात.

उन्हाचं काय? मे महिन्यात इथे पारा ४४-४५ वर जातो. टॅबला पंखा नसतो. तापला की आधी उजेड कमी करतो, मग चार्जिंग थांबवतो, मग रेंगाळतो. मी दुपारी आमच्या जुन्या धाब्याच्या खोलीत बसते. जाड मातीच्या भिंती आणि मातीचं छत, त्यामुळे तिथे बाहेरच्यापेक्षा बराच गारवा असतो. टॅब गादीवर नाही, स्टँडवर, पाठीचं कव्हर काढून. कूलरच्या ओल्या झोतासमोर ठेवायचा नाही. चार्जिंग पहाटे उरकून घ्यायचं. आणि गरम टॅब फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, आत दव धरतं.

काही कामं टॅबवर होत नाहीत. व्हर्च्युअल मशीन चालवून बघणं, जड सॉफ्टवेअर कंटेनर बांधणं, यासाठी दूरची एखादी मशीन मागून घ्या. मीटिंग चालू असताना टर्मिनलही बघायचं असेल तर मीटिंग फोनवर घ्या आणि टॅब कामाला मोकळा ठेवा. दोन्ही एका स्क्रीनवर कोंबलं की दोन्ही बिघडतात.

विप्रोची सुरुवात १९४५ साली आमच्या अमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाली. पुढे संगणकाचं काम मोठ्या शहरांत वाढलं आणि इथली मुलं त्यामागे गेली. मला रात्रपाळी संपवून उठल्यावर स्वयंपाकघरातून आईचं ‘जेवाले चाल’ ऐकू येतं, समोर कळण्याची भाकरी असते. त्यासाठी हा सगळा खटाटोप मला मोलाचा वाटतो.

लॅपटॉप लगेच विकू नका. आठ दिवस कपाटात ठेवा आणि ज्या ज्या वेळी तो काढावाच लागला ते वहीत लिहा. माझ्या वहीत तीन नोंदी झाल्या होत्या. दोन एस्केपच्या बटणामुळे आणि एक मीटिंगमुळे.