पंप घेण्याआधी सक्शनचा हिशेब करा

पंचगंगेकाठी मोटार पुरात जाऊ नये म्हणून उंचावर बसवतात. ते बरोबरच. पण मे महिन्यात नदी खाली गेली की तीच उंची पंपाला जड जाते. दुकानात आपण हॉर्सपॉवर आणि हेड (पंप पाणी किती मीटर चढवतो ते) विचारतो, सक्शनचं, म्हणजे पाण्यापासून पंपापर्यंतच्या बाजूचं, कुणी काढत नाही. खरं तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

पंप पाणी ओढत नाही. तो आतला दाब कमी करतो आणि बाहेरची हवा पाणी वर ढकलते. समुद्रसपाटीला हवेचा हा जोर 10.3 मीटर पाण्याइतका असतो. कोल्हापूर साधारण 550 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे सुमारे 9.7 मीटरच मिळतात.

आधी उन्हाळ्यातल्या सर्वांत खालच्या पाण्यापासून पंपाच्या मध्यापर्यंतची उभी उंची मोजा. समजा ती 5 मीटर भरली. पावसाळ्यातलं माप इथे चालणार नाही.

मग पाइपातली घट काढा. सेकंदाला 10 लिटर पाणी हवं आहे, 3 इंची पाइप 12 मीटर, दोन एल्बो (वळणाचे जोड) आणि एक साधा फूट व्हॉल्व्ह (पाइपाच्या पाण्यातल्या टोकाचा, पाणी मागे न सोडणारा) आहे असं धरू. पाण्याचा वेग सेकंदाला 2 मीटर होतो. घर्षणात 0.6, व्हॉल्व्हमध्ये 0.5, एल्बोंमध्ये जवळपास 0.4, मिळून दीड मीटर जातात. पाइप आणि फिटिंग 4 इंची केलं, तर हीच घट अर्ध्या मीटरच्या आसपास येते. फूट व्हॉल्व्हच्या जाळीत गाळ, पाला अडकला की मात्र आकडा वाढतो.

आता वजाबाकी. 9.7 मधून उंचीचे 5, घटीचे 1.5 आणि कोमट पाण्याच्या वाफेच्या दाबाचे 0.4 काढले की 2.8 उरतात. पंपाच्या माहितीपत्रकात त्या प्रवाहाला 'एनपीएसएच' (पंपाच्या तोंडाशी असा उरायला हवा तो किमान दाब) 3 मीटर लागतो असं असेल, तर हा पंप इथे चालणार नाही. आत वाळू फिरल्यासारखा खडखडाट होईल, पाणी कमी पडेल आणि इम्पेलरला (आतल्या फिरत्या चाकाला) खड्डे पडतील. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यातून नवा इम्पेलर करून आणला तरी तोही तसाच खाल्ला जाईल. 4 इंची सक्शनवर 3.8 उरतात. लागतो त्यापेक्षा निदान अर्धा मीटर तरी जास्त हाताशी ठेवाच.

सक्शनमधली घट एकूण हेडमध्येही धरायची, हे विसरू नका.

बसवताना पाइपाला पंपाकडे सलग चढ द्या. मध्ये उंचवटा राहिला की तिथे हवा साठते. पंपाच्या तोंडाशी एका बाजूने सपाट असलेला रेड्युसर (मोठा पाइप लहान तोंडाला जोडणारा तुकडा) वापरा, सपाट बाजू वर. आणि प्रवाह कमी करायचा झाला तर डिलिव्हरीचा (पंपातून पाणी बाहेर जाणाऱ्या बाजूचा) व्हॉल्व्ह फिरवा, सक्शनचा कधीच नाही.